एकही पल्स सुटणार नाही

८ जानेवारी, सोमवार

सरांनी आज जग देवव्रतच्या ताब्यात दिलं! सर्किट माझं, सिद्धता माझी, आणि जग लिहिणार कोण — तर तो. मी तोंडावर म्हटलं, "सर, हा तर माझा शत्रू आहे." सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणूनच."

नियम असा आहे. मी सिद्ध करायचं की पाण्याच्या मीटरसाठीची माझी चिप कधीच अडकणार नाही, आणि मीटरच्या चाकाचा एकही पल्स — दर फेऱ्याला मिळणारा विजेचा इशारा — मोजायचा सुटणार नाही. पण कुठल्या परिस्थितीत? ती परिस्थिती मी लिहायची नाही. स्वतःचा पेपर स्वतःच काढला तर कोण नापास होईल! बाहेरून काय काय येऊ शकतं, कुठल्या क्रमाने, किती वाकडं — ते सगळं, म्हणजे चिपचं जग, देवव्रत लिहिणार. आणि याच कामासाठी देवव्रतचीही एक चिप तयार आहे. नेहमीसारखी, घड्याळवाली. पंधरा मार्चला फाउंड्रीत, म्हणजे चिपांच्या कारखान्यात, छापायला एकच डिझाइन जाणार. त्याच्या जगात माझं टिकलं तर माझं, अडकलं तर त्याचं. म्हणजे मला पाडण्यात त्याचा सरळ फायदा.

सरांचं डोकं कधी कधी इतकं सरळ चालतं की राग येतो.

११ जानेवारी, गुरुवार

आईने आज पुन्हा विचारलं, "घड्याळ नाय तर तुज्या त्या चिपेक कळतला कसा, काम कधी करूचा ता?"

पुन्हा समजावलं. बाकी सगळ्या चिपांमध्ये एक घड्याळ असतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला सगळे भाग एकदम पाऊल टाकतात — काम असो नसो. शाळेतल्या कवायतीसारखं. आपल्या नळाला पाणी येतं सकाळी थोडा वेळ. उरलेला दिवसभर मीटरमधलं घड्याळ उगाच कवायत करत बॅटरी खातं. माझ्या चिपमध्ये घड्याळच नाही. एक भाग दुसऱ्याला म्हणतो, "घे." दुसरा घेतो आणि म्हणतो, "घेतलं." मग पहिला हात खाली करतो, मग दुसरा. कोणी हाक मारली नाही तर सगळे झोपलेले. बॅटरी पंधरा वर्षं जाते.

"म्हंजे हळदीकुंकवासारखा," आई म्हणाली. "बोलावणा इल्याशिवाय जावचा नाय."

बरोबर! आणि शेजारच्या नीलमकाकू आणि आमच्या मातोश्री गेल्या संक्रांतीपासून एकमेकींच्या बोलावण्याची वाट बघत बसल्या आहेत. "तिना बोलावल्यान तर मी जातलंय." तिकडे काकूंचंही हेच. दोघी तयार, दोघी नटलेल्या, आणि कोणीच हलत नाही. माझ्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. मी सांगितलं तर आईने लाटणं उगारलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो — इथे हे चिंचोके कसले पडलेत?

ही शरच्चंद्र सरांची पद्धत. सर म्हणजे आमचे मालक, गुरू, आणि फ्यूज उडाला तर वायरमनसुद्धा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वर्तुळं आणि रेघा काढायच्या, बाणांनी जोडायच्या. वर्तुळांत चिंचोके ठेवायचे. ज्या रेघेच्या मागच्या सगळ्या वर्तुळांत चिंचोका आहे, तीच रेघ चालते. मागचे उचलायचे, पुढे ठेवायचे. एकही रेघ चालेनाशी झाली की समजायचं, सर्किट अडकलं. सगळं सर्किट म्हणजे एवढाच खेळ. परदेशात शिकून आलेला एक गृहस्थ हसला होता. सर म्हणाले, "त्यांच्याकडे चिंच होत नसेल."

कागदावर जमलं की चित्र तपासनीसाला द्यायचं. तपासनीस म्हणजे आमचा प्रोग्राम. नाव मी ठेवलंय. माणूस चार-दोन चाली खेळून बघतो. तपासनीस एकूण एक चाली खेळतो. त्याला कंटाळा नाही, जेवणाची सुट्टी नाही, आणि भीड तर मुळीच नाही.

आज मी आतले चिंचोके हलवले, देवव्रतने बाहेरचे. तो ते दोन बोटांनी उचलतो, जणू कोणाच्या तरी तोंडातून पडलेत. मुलुंडचा आहे. त्याच्या डब्यातल्या पोळ्यांनाही इस्त्री केलेली असते.

सर आज सहज बोलून गेले — तीस वर्षं हेच सांगतोय, घड्याळाशिवाय चालतं. विक्रोळीला नोकरीत होतो तेव्हा मला मागून 'बिनघड्याळाचा' म्हणायचे. आणि हसले. मला नाही हसू आलं. ही चिप गेली नाही तर सरांना पुन्हा कोण संधी देणार आहे? मीटरवाल्या कंपनीने एकदाच होकार दिलाय.

३० जानेवारी, मंगळवार

पास! अकरा सेकंदांत! सगळ्या गाळ्याला वडे आणले. दुसरा वडा तोंडात होता तेव्हा घशात अडकला — तपासनीस इतका गोड वागेलच कसा?

देवव्रतचं जग उघडून बघितलं. चाकाला पहिला पल्स द्यायला जो चिंचोका लागतो, तो त्याने सुरुवातीला ठेवलाच नव्हता! म्हणजे त्याच्या जगात चाक कधी फिरतच नाही. बिनपाण्याच्या नळावर कुठला मीटर चुकणार? हा घोळ फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकतो — काहीही न घडणाऱ्या जगात सगळंच खरं ठरतं.

"जग लिहायला घेतलंस आणि पाणी विसरलास?" मी विचारलं. "मुलुंडला पाणी येतं ना?"

"आमच्याकडे टाकी आहे गं. चोवीस तास," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे. वडे मात्र त्याने तीन खाल्ले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वाट लागली. देवव्रतने या वेळी जग नीट लिहिलंय आणि भलतंच वाकडं लिहिलंय. मीटर वाचणारा माणूस गल्लीत येतो, हातातल्या रीडरने लांबूनच चिपला विचारतो — किती झालं? नेमका त्याच क्षणी चाकाचा पल्स. दोघे दारात एकदम. कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवणारा भाग मी चुकीच्या जागी बसवला होता. दोघेही आत अर्धे, बाहेर अर्धे. अडकली चिप.

देवव्रत हसला. दात दिसले!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

भाग दोन घरं मागे सरकवला. झालं. दात आत.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पास!!! खराखुरा पास!

चाक फिरतं, रीडर विचारतो, विचारता विचारता माणूस निघून जातो, बॅटरी ढेपाळते, तार लांबट निघते, एक भाग गोगलगाय होतो, दुसरा सुसाट — काय वाट्टेल ते होऊ दे, काय वाट्टेल त्या क्रमाने होऊ दे, माझी चिप अडकत नाही. एक पल्स सुटत नाही. तपासनीसाच्या सगळ्या चाली खेळून झाल्या आणि त्याने हात टेकले. मी चार वेळा तपासलं, या वेळी वडे न आणता. देवव्रतने त्याच्या जगाखाली सही केली — "याहून वाईट काही मला सुचत नाही." पानभर शिव्या देण्यापेक्षा हे वाक्य गोड लागलं मला.

सरांनी एक चिंचोका उचलला आणि खिशात टाकला.

मी, अक्षता, असल्फ्याच्या टेकडीवरची, जिंकले! घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरा झाला. पोळये खातलंस?" म्हणून तर ही वही. फुशारकी मारायला जगात दुसरी जागा नाही मला.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

हे मला आधी कसं सुचलं नाही!

सकाळी पाण्याची वेळ. नळ नेहमीसारखा आधी फुसफुसला, मग घशातून ओरडला, मग पाच-सहा मिनिटांनी पाणी. जन्मापासून ऐकतेय. आमच्या टेकडीवर पाणी चढायच्या आधी पाइपातली हवा सुटते. आज हंडा लावून मी सहज गल्लीतल्या मीटरकडे बघितलं. पाण्याचा थेंब नाही, आणि आतलं लाल चाक असं गरगरत होतं की दिसेना. आकडे जागच्या जागी थरथरत होते, पुढे सरकत नव्हते. अडकला होता बिचारा.

देवव्रतच्या जगात चाक शहाण्यासारखं फिरतं. एका पल्सचं काम चिप उरकते, मग दुसरा येतो. पाण्याने फिरणाऱ्या चाकाला ते जमतं. हवेने फिरणारं चाक कुठली वाट बघतंय? चिप आत आकडा लिहून ठेवत असताना दारात चार पल्स येऊन आदळतील. माझीही अशीच थरथरत बसेल.

चोवीस तास टाकीवाल्याला हे कुठून सुचणार. मला सुचायला हवं होतं.

१ मार्च, शुक्रवार

गप्प बसले. दिवसभर.

सही त्याची आहे. जग त्याचं आहे. नियमाप्रमाणे मी जिंकलेय. सर आज फाउंड्रीच्या फोनवर इतके खूश होते की शीळ वाजवत होते. शरच्चंद्र सर, शीळ!

३ मार्च, रविवार

भाजी करपवली. "लक्ष खय आसा तुजा?" नळात आसा, आई.

४ मार्च, सोमवार

सांगून टाकलं. चांगुलपणा वगैरे काही नाही. अडकणारी चिप माझ्या नावावर, आणि तीही माझ्याच गल्लीत अडकणारी? शक्य नाही. मला खोटं जिंकायचं नाहीये, मला जिंकायचंय!

देवव्रतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू हे मला का सांगतेयस? जिंकली होतीस ना?"

"कारण तुला जग लिहिता येत नाही, म्हणून!"

मीच बसून हवा लिहिली त्याच्या जगात. चाक कोणाची वाट बघत नाही, एवढीच एक ओळ. तपासनीसाने डोळ्याचं पातं लवायच्या आत माझ्या चिपचा मुडदा टेबलावर ठेवला. सर मागे उभे होते. शीळ थांबली. "अकरा दिवस आहेत," एवढंच म्हणाले, आणि चहा सांगितला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

५ मार्च, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

हवेने चाक जास्तीत जास्त किती जोरात फिरतं? पुस्तकात नाही. म्हणून गाळ्यातला मीटर पिशवीत घातला आणि मेट्रोच्या पुलाखालच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, मी आणि देवव्रत. पंक्चरवाला आधी मीटरकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. "मॅडम, इसमें ट्यूब किधर है?" त्याला समजावलं. पटलं नाही, पण ट्रकची हवा सोडली त्याने. चाक किंचाळलं! देवव्रतच्या हातातून नळी निसटली आणि त्याची इस्त्रीची कॉलर कानापर्यंत उडाली. दोन रिक्षावाले थांबले. मी रस्त्यावर बसून हसले.

आकडा मिळाला. चाकाच्याही अंगात मर्यादा आहे. ट्रकची हवा मारली तरी एका वेगाच्या पुढे ते जात नाही. तो वेग आता जगात लिहिला.

परत येऊन देवव्रतने गुपचूप आपल्या चिपलाही तीच हवा लावून बघितली. त्याची घड्याळवाली चिप ठरावीक वेळाने चाकाकडे डोकावते. दोन डोकावण्यांच्या मध्ये चाक कित्येकदा फिरून मोकळं! निम्म्याहून जास्त पल्स सुटले. घड्याळ जोरात चालवावं तर बॅटरी दोन वर्षांत आडवी. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "माझी मेली गं." सरळ, एका वाक्यात. पहिल्यांदाच बरा वाटला मला.

पण आता पंधरा तारखेला माझी नाही तर कोणाचीच नाही. आणि मग सरांचं संपलंच.

९ मार्च, शनिवार

सुचलं! सुचलं सुचलं सुचलं!

आठवडाभर मी पल्सला "थांब" म्हणायला शिकवत होते. मूर्ख! चाक थोडंच ऐकणार आहे? चिंचोके हलवता हलवता वैतागून सगळे उधळले, आणि जमिनीवरून गोळा करताना कळलं — थांबवायचंच नाही. दारात एक छोटा मोजणारा बसवायचा. त्याने कोणाला काही विचारायचं नाही, आला पल्स की बोट उचल. आतला मोठा कामात असू दे. मोकळा झाला की दारात येऊन विचारेल, किती? आणि एकदम घेऊन जाईल.

आणि तो बघत असतानाच दारातल्याचा आकडा बदलत असला तर? तर आकडे अशा पद्धतीने लिहायचे की एका वेळी एकच खूण बदलते. अर्धवट बदलताना बघितलं तरी आधीचा आकडा दिसेल किंवा नंतरचा. भलताच तिसरा नाही. जे आत्ता दिसलं नाही ते पुढच्या फेरीत मिळेल. हरवत काहीच नाही!

देवव्रतला फोन केला. सुट्टीच्या दिवशी. पलीकडून त्याची आई म्हणाली, "कोण अक्षता? तीच का ती?" तीच!

१२ मार्च, मंगळवार

तपासनीस सकाळपासून चालतोय. चाली संपतच नाहीत. दुपारी कॉम्प्युटरची मेमरी भरून तो बेशुद्ध पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. हे चालू शकतं हे मला माहीत आहे, डोळ्यांना दिसतंय, पण दिसणं म्हणजे सिद्धता नाही. रडले, संडासात जाऊन.

बाहेर आले तर देवव्रतने कॅलेंडर अर्धं फाडलं होतं. "दारातला वेगळा सिद्ध कर, आतला वेगळा," तो म्हणाला. "मध्ये एक करार लिहू. दारातला शब्द देतो की मी इतक्यापेक्षा जास्त साठू देणार नाही. आतला शब्द देतो की मी इतक्या वेळात येऊन घेऊन जाईन. दोघं आपापला शब्द पाळतात एवढं बघायचं." मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूने आहेस रे? तो म्हणाला, "मी जग आहे ना. मी कोणाच्याच बाजूने नाही." आणि डब्यातली अर्धी पोळी दिली. मऊ होती.

१४ मार्च, गुरुवार

दारातला — पास. आतला — पास. करार — दोन्हीकडून पास!

आणि वडे खाऊन झाल्यावर शंका येऊ नये म्हणून आधीच उलट तपासलं: चाक खरंच फिरतं का या जगात? फिरतं. रीडर खरंच येतो का? येतो. हवा सुटते का? सुटते, किंचाळत सुटते! दारातला कधी काठोकाठ भरतो का? कधीच नाही. ऐन गर्दीतही एका पल्सची जागा शिल्लक. एक जागा! मला त्या एका जागेचा मुका घ्यावासा वाटला.

एकही पल्स सुटणार नाही. हे मी म्हणत नाही, कंपनी म्हणत नाही, हे सिद्ध झालंय. हजार वेळा करून बघितलं आणि चुकलं नाही, असलं नव्हे. चुकूच शकत नाही! हा आनंद कसा सांगायचा कोणाला? आभाळाला हात लावून आल्यासारखं वाटतंय.

सरांनी फोन लावला. घरी, बायकोला. फक्त म्हणाले, "अगं, चालतं." मग फोन कानाला तसाच धरून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही दोघं उगाच वायरी गुंडाळत बसलो.

१५ मार्च, शुक्रवार

गेली.

२१ ऑगस्ट, बुधवार

आल्या! नखाएवढ्या. पाच महिने वाट बघितली आणि पाकीट काही माझ्याकडून फुटेना, शेवटी देवव्रतने कात्री घेतली हातातून.

चिपमधली जी तार "घेतलं" म्हणते, तिला मी एक बारका स्पीकर जोडला, आणि एक पल्स घेतला की लगेच दुसरा मिळेल अशी सोय केली. विजेचं बटण दाबलं आणि ती बोलली! बारीक, अखंड सूर. तिला कोणी वेळ दिलेली नाही, कोणी टाळ्या वाजवून पावलं टाकायला सांगत नाही, आपली आपण चालते. खालच्या ज्यूस सेंटरमधून बर्फ आणून टेकवला — सूर वर चढला. केस वाळवायचं मशीन लावलं — सूर खाली आला. दमते, पण चुकत नाही! मग सरांनी वीज हळूहळू कमी करत नेली. सुराची गुरगुर झाली, गुरगुरीची टक, टक, टक. मरायला टेकलेल्या बॅटरीवरसुद्धा तिने एकेक पल्स मोजून दाखवला. देवव्रत पुटपुटला, "झकास." हा शब्द त्याला येतो हे मला माहीत नव्हतं.

सर खुर्चीत बसून ऐकत होते. जेवायला उठले नाहीत.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

मीटरवाल्या कंपनीचे साहेब आले होते. त्यांना थेट पंक्चरवाल्याकडे नेलं! पाण्याचा पत्ता नाही, नुसती ट्रकची हवा, चाक किंचाळतंय, आणि माझ्या चिपचा आकडा चाकाच्या बरोबरीने धावतोय. हवा बंद. ताडून बघितलं. चाकाचे जेवढे, चिपचे तेवढेच. एक कमी नाही! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पंक्चरवाल्याने वाजवल्या, मीही वाजवल्या. "इतक्या हवेतही सुटत नाही!" साहेब गाडीत बसेपर्यंत हेच म्हणत होते.

ऑर्डर पक्की. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हवा अक्षताने लिहिली. ती लिहिली नसती तर आज आपण इथे नसतो." मी आयुष्यात कधी इतकी ताठ चालले नसेन.

१२ ऑक्टोबर, शनिवार — दसरा

आज आमच्या टेकडीवर माझा मीटर बसला!

चाचणीसाठी जागा निवडायच्या होत्या, मी आमच्या गल्लीचं नाव रेटलं. सकाळचं पाणी येऊन गेल्यावर कंपनीची माणसं आली, अडकणारा जुना काढला, नवा बसवला. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. "माज्या चेडवाचा हा," प्रत्येकाला सांगत होती. चिप म्हणजे काय हे तिला अजून ठाऊक नाही, आणि काही अडत नाही. सोनं द्यायला म्हणून नीलमकाकू स्वतःहून दारात आल्या. आई अर्ध्या वाटेत पुढे गेली. डेडलॉक सुटला! देवव्रतही आला मुलुंडहून, चढण चढून घामाघूम. त्याला काकूंनी सरबत दिलं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कोण गं हा?" मी म्हटलं, हा जग आहे.

आज मला कोणाचाच हेवा वाटत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

पाण्याची वेळ. सगळी गल्ली हंडे घेऊन माझ्या मीटरभोवती. नळ फुसफुसला. आकडे धावायला लागले. झरझर, एक न चुकता. हंड्यांत थेंब नाही.

नीलमकाकू म्हणाल्या, "जुना मेला हवेत नुसता थरथरायचा. आकडा पुढे सरकायचा नाही. आता हवेचंही बिल येणार का गं आम्हाला?"

आई रिकाम्या हंड्याकडे बघत राहिली.

देवव्रतला फोन करून सांगितलं. तो मग म्हणाला, "सिद्धता बरोबर आहे गं."